किल्ली देण्यापूर्वी

नांदेड शहरातून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर विष्णुपुरी येते. गोदावरीवरील उपसा सिंचन प्रकल्प व त्याचा शंकरसागर जलाशय, १९८१ मध्ये सुरू झालेली श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे सारे याच परिसरात आहे. सकाळी या रस्त्यावर दुचाकींची रीघ लागते. बहुतेक गाड्या नव्या आणि कमी आवाजाच्या असतात. मधूनच एखादी गाडी कर्कश, तुटक आवाज करीत पुढे निघून जाते, मागे निळसर धूर ठेवते, आणि टपरीवर चहा घेणारे पन्नाशीतील गृहस्थ पेला हातात तसाच धरून मान वळवतात. ती आरएक्स हंड्रेड असते. तिच्यावर बसलेला मुलगा बहुधा तिचे उत्पादन बंद झाल्यानंतर जन्मलेला असतो.

यामाहा आणि एस्कॉर्ट्स यांच्या सहकार्याने ही मोटारसायकल १९८५ च्या अखेरीस भारतात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन ९८ सीसीचे, शक्ती ११ अश्वशक्ती आणि वजन सुमारे शंभर किलो. त्याच सुमारास बाजारात आलेली, काटकसरीसाठी नावाजलेली चार-स्ट्रोक गाडी तितक्याच आकाराच्या इंजिनातून साधारण सात अश्वशक्ती देत असे. त्याआधी १९८३ मध्ये राजदूत ३५० आली होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि आरंभीच्या प्रकारात साडेतीस अश्वशक्ती. ज्या जपानी गाडीवरून ती घडवली गेली, तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतीय गाडीला मात्र ड्रम ब्रेक बसवण्यात आला. वेग मोठ्या प्रमाणात आला आणि थांबण्याचे साधन मात्र मागच्या पिढीचे राहिले. जुन्या वेगवान गाडीशी जुळवून घेण्याचा सारा प्रश्न या एका गोष्टीत सामावलेला आहे.

आजची साधी गाडीही अकरा अश्वशक्ती देते, मग जुन्या गाडीचे एवढे भय कशाला, असे कोणी म्हणेल. आकडा तोच असला तरी शक्ती येण्याची रीत निराळी आहे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोक इंजिनात ते प्रत्येक फेरीला पेटते. शिवाय सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात इंजिनाला अधिक जोर देते. त्यामुळे अशा गाडीची शक्ती मुठीच्या प्रमाणात हळूहळू वाढत जात नाही. अमुक मर्यादेपर्यंत ती शांत असते आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम उसळते. नवख्याचे शरीर त्या हिसक्याने मागे जाते. मुठीवर घट्ट धरलेला हात शरीराबरोबर मागे ओढला जातो आणि मूठ आणखी पिळली जाते. चालकाने ठरवलेला नसलेला वेग गाडी घेते, आणि घेणारा हात त्याचाच असतो.

दुसरा भेद मूठ सोडताना कळतो. नव्या चार-स्ट्रोक गाडीवर मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागे खेचते. त्या ओढीची सवय झालेल्याला टू-स्ट्रोक गाडी फसवते. मूठ सोडल्यावरही ती जणू उतारावर असल्याप्रमाणे पुढे जात राहते. ब्रेकवर जाणारा क्षणभराचा उशीर येथे महाग पडतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस व्यवस्था सक्तीची झाली. जुन्या गाडीवर यांपैकी काहीच नसते. तेथे मनुष्याचे मनगट, बोटे आणि विवेक एवढेच असतात.

या विवेकाचे घरात नेमके काय रूप असावे, हे समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणावे. घर नांदेडच्या सिडको भागात आहे. अंगणातील पत्र्याच्या शेडखाली गोणपाट टाकून झाकलेली एक आरएक्स हंड्रेड वीसएक वर्षे उभी आहे. ती काकांनी आपल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. पुतण्या विष्णुपुरीला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. अठरा वर्षे पूर्ण होऊन त्याचा गिअरच्या गाडीचा परवानाही निघालेला आहे. लहानपणापासून त्याने या गाडीच्या कथा ऐकल्या आहेत. लोह्यापर्यंत काका किती मिनिटांत जात, कोणत्या गाडीला त्यांनी मागे टाकले होते, हे त्याला तोंडपाठ आहे. एके दिवशी तो काकांजवळ किल्ली मागतो.

काकांनी नकार दिला नाही आणि किल्लीही दिली नाही. ते एवढेच म्हणाले, "आधी गाडी नीट करू. मग तुला नीट करू."

पहिला पंधरवडा गाडी गॅरेजमध्ये राहिली. इंजिन सुरू झाले त्या दिवशी पुतण्याला वाटले, काम संपले. मेकॅनिकने त्याला ब्रेक शू दाखवले. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील शूचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ॲक्सिलरेटरची केबल गंजली होती. पिळल्यावर ती जाई, पण सोडल्यावर अडखळत परत येई. जी मूठ सोडल्याबरोबर आपोआप मिटत नाही, ती गाडी रस्त्यावर नेण्यायोग्यच नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. कोनसेट ढिला झाला होता, पुढच्या शॉकअपचे तेल गळून गेले होते, चेन आणि स्प्रॉकेट झिजले होते. टायरच्या खाचा मात्र चांगल्या खोल होत्या. पुतण्या म्हणाला, "टायर तर नवेच आहेत की." मेकॅनिकने टायरच्या कडेवरील चार आकडे बोटाने दाखवले. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. टायर झिजले नव्हते, पण त्यांचे रबर कडक होऊन रस्ता धरण्याची शक्ती गेली होती. दोन्ही बदलले गेले. शक्ती वाढवणारा एकही भाग बसवला गेला नाही. गाडीची जी शक्ती होती, ती आवरणारे भागच सारे नवे झाले.

कागदांचेही तसेच. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडीची तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांहून जुन्या गाडीवर पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र हवेच. ही सारी कामे काकांनी पुतण्याला बरोबर घेऊन पार पाडली. ज्या घरातील मुलगा अठरा वर्षांचा झालेला नाही, त्या घराने तर गाडीची किल्ली कुलुपातच ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाच्या वाहन गुन्ह्याबद्दल पालक अथवा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे वयापर्यंत परवाना मिळत नाही.

गाडी घरी आली त्या रविवारी भल्या पहाटे काका पुतण्याला एका मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. दोघांच्या डोक्यावर आयएसआय चिन्हाचे हेल्मेट होते आणि काकांच्या पिशवीत खेळाच्या मैदानावर रेघा मारण्याची फक्की. त्यांनी फक्कीने एक रेघ ओढली आणि सांगितले, "वीसच्या वेगाने ये. चाक रेघेवर आले की थांब. किती पावलांवर थांबलास ते मोज."

पुतण्याला हे बालिश वाटले. तरी त्याने मोजले. नंतर चाळीसच्या वेगाने तो आला. वेग दुप्पट म्हणजे पावलेही दुप्पट होतील, असा त्याचा अंदाज होता. ती चौपट झाली. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे सूत्र त्याने बारावीला पाठ केले होते. त्या पहाटे ते त्याने आपल्या पायांनी मोजले. आणि यात विचार करण्यास लागणारा वेळ धरलेलाच नव्हता, कारण कोठे थांबायचे ते त्याला आधीच माहीत होते. चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते, ऐंशीच्या वेगाने बावीस. समोर काय आले हे ओळखण्यात एक सेकंद गेला, तर ब्रेकला बोट लागण्यापूर्वीच तेवढा रस्ता संपलेला असतो.

तो रविवार आणि पुढचे तीन रविवार थांबण्यातच गेले. पुढच्या ब्रेकवर एकदम झडप घालायची नाही. तो हळू दाबत जोर वाढवत न्यायचा, कारण थांबताना गाडीचा भार पुढे येतो आणि खरा आधार पुढच्या चाकालाच मिळतो. मागचा ब्रेक सोबतीला असावा. केवळ त्याच्यावर भिस्त ठेवली की मागचे चाक अडकते आणि गाडी आडवी होते. गुडघ्यांनी टाकी धरून बसावे, म्हणजे शरीराचा भार मुठीवर येत नाही. कोपर सैल ठेवावे आणि मनगट खाली. काकांनी मुठीवर आणि तिच्या शेजारच्या खोबणीवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले. मूठ निम्मी पिळली की ठिपके समोरासमोर येत. "महिनाभर याच्या पुढे जायचे नाही," ते म्हणाले. पुतण्याला प्रथम तो अपमान वाटला. पंधरा दिवसांत त्याच्या ध्यानात आले की निम्म्या मुठीतही ही गाडी रस्त्यावरील बहुतेक गाड्यांच्या पुढे राहते. उरलेली निम्मी शक्ती वापरलीच पाहिजे, असे त्याला वाटेनासे झाले.

तथापि खरा धडा मैदानावर झाला नाही. चौथ्या रविवारी परतताना पावसाची सर आली. दोघे एका शेडखाली उभे राहिले. पुतण्याने सहज विचारले, "काका, तुम्ही ही गाडी चालवायची का सोडलीत?"

काकांचे एक मित्र महिन्यातून एकदा घरी येत. त्यांचा उजवा पाय आखूड होता आणि ते लंगडत चालत. पुतण्याने त्यांना जन्मापासून तसेच पाहिले होते. काकांसोबत गाडीवरून जाताना ट्रॅक्टरच्या चिखलावर गाडी घसरली, ही हकीकत घरात सर्वांना ठाऊक होती. चिखल होता, पाऊस होता, नशीब वाईट होते. तीस वर्षे हीच हकीकत सांगितली गेली होती.

"चिखल मला दिसला होता," काका म्हणाले. "बराच लांबून दिसला होता. पण मागे मित्र बसला होता आणि त्याला पिकअप दाखवायचा होता. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली. मग सोडली, तर गाडी हळू होईना. पुढचा ब्रेक पावसाने ओला झालेला, तो धरेना. घाबरून मागच्या ब्रेकवर उभा राहिलो. चिखलावर चाक अडकले. मी त्याच्यावर पडलो, म्हणून मला लागले नाही. त्याची मांडी मोडली."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काका म्हणाले, "त्याने कधी विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही. तुला लोह्याच्या गोष्टी सांगत बसलो, ही सांगायची राहिली."

पुढच्या महिन्यात ते मित्र आले, तेव्हा काकांनी पुतण्याच्या देखत त्यांनाही ही हकीकत सांगितली. मित्र चहा पीत ऐकत होते. "ठाऊक आहे रे," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो ना, दाखव म्हणून." तीस वर्षे दोघेही एकमेकांना सांभाळत आले होते, आणि त्या सांभाळण्यात तिसऱ्या माणसाला जे कळायला हवे होते ते दडून राहिले होते. त्या दिवशी काकांनी किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली.

ही कथा एका कल्पित घराची असली, तरी तिच्यातील मौन पुष्कळ घरांत आढळते. जुन्या गाड्यांविषयी घराघरांत बोलले जाते, ते त्यांच्या धावण्याविषयी. त्यांच्या पडण्याविषयी बोलणे कमीपणाचे वाटते. मग गाडी पुढच्या पिढीकडे जाते तेव्हा तिच्यासोबत केवळ पराक्रमाच्या गोष्टी जातात आणि मुलगा त्या गोष्टींना जागण्याचा प्रयत्न करतो. यंत्राची शक्ती वारशात मिळते, ती आवरण्याचे शहाणपण मात्र कोणीतरी तोंडाने सांगावे लागते. ते सांगणे वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि त्यासाठी स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागली तरी ते टाळता येत नाही.

चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, हा मुनींच्या ईर्यासमितीचा नियम वाचकांना परिचित आहे. पायी चालणाऱ्याच्या गतीला चार हात पुरेसे होतात, कारण तेवढ्या अंतरात तो थांबू शकतो. वाहनावर बसणाऱ्याने हाच हिशेब आपल्या गतीला लावावा. जितके दूर स्पष्ट दिसते, तितक्यात थांबता येईल एवढाच वेग घ्यावा. जुन्या गाडीचा दिवा मंद असतो आणि इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या की अधिकच मंद होतो. ऊसतोडणीच्या दिवसांत मराठवाड्याच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. पावसाळ्यात शेतातून येणारी चाके काळी चिकट माती डांबरावर पसरवून जातात. पाण्यातून गाडी गेल्यावर ड्रम ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबून कोरडे करून घ्यावेत. मागे कोणी बसले असेल तर थांबण्यास अधिक अंतर लागते आणि एकदम मूठ पिळल्यास पुढचे चाक हलके होते, हे विसरू नये. मागे बसणाऱ्याच्या हाती मूठ नसते आणि ब्रेकही नसतो. त्याच्याजवळ चालवणाऱ्यावरचा विश्वास तेवढा असतो.

विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडले जातात, तेव्हा खालच्या नांदेडला आधी इशारा दिला जातो आणि नदीचे पात्र सोसेल तसतसे पाणी सोडले जाते. धरणात पाणी पुष्कळ आहे म्हणून सारे दरवाजे एकाच वेळी कोणी उघडत नाही. मुठीमागील शक्तीशी असाच व्यवहार असावा. ती साठ्यात असावी आणि रस्ता जेवढी सोशील तेवढीच बाहेर यावी.

मुठीवरील ठिपके अजून पुसलेले नाहीत. महिना केव्हाच संपला, तरी पुतण्याने ते तसेच ठेवले आहेत. सायंकाळी तो विष्णुपुरीहून परततो, तेव्हा काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात. गल्लीच्या वळणाआधी आवाज उतरतो, गिअर खाली पडतो आणि मग गाडी वळते. गाडी अजून दिसत नसते, पण आवाज योग्य जागी उतरलेला काकांना कळतो. तेव्हा ते उठून शेडखालचे गोणपाट बाजूला करतात आणि गाडीसाठी जागा मोकळी करून ठेवतात.